ऊब कुठपर्यंत

चिरेखाणीतून आणलं त्याला, टेम्पोच्या हौद्यात घालून,
तांबडी धूळ पापण्यांवर तशीच.
यमनाप्पा, वय चौतीस, गाव विजापूरकडलं,
उजव्या करंगळीला विंचू.
मुकादम म्हणाला, "तासभर बोंबलत होता.
आता ठणका गेलाय. सोडा की घरी."

ठणका गेला, हेच मला आवडलं नाही.
मिठबावला आत्याच्या यजमानांचा असाच गेला होता.
भगताला नारळ दिला आम्ही, जेवून झोपलो.
उजाडताना आत्या ओरडली.

कपाळावर घाम, छातीवर घाम,
आणि हात
बर्फाच्या पेटीतून काढलेल्या बांगड्यासारखे.

त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला.
मनगट धरलं. नाडी एकशे अठ्ठावीस.
मोजून झाली तरी सोडलं नाही,
घड्याळाकडे बघितल्यासारखं करत
डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याची छाती बघत राहिले.
श्वास मोजतोय हे कधी सांगायचं नसतं.
सांगितलं की माणूस
दुसऱ्याच कुणाचा तरी श्वास घेऊ लागतो.
तीस.
लिहिले.

मग पाय.
चादर सारून पावलांवर हात ठेवला
तसे त्याने ओढून घेतले, पोटाशी, लाजून.
सिस्टरने पायाला हात लावायचा म्हणजे काय!
"तंडी," म्हणाला.
थंडी.
एवढा एक शब्द दोघांच्या मुलखात सारखा निघाला.

गुडघ्यापर्यंत गार.
तिथेच बॉलपेनने रेघ मारली, वेळ घातली, नऊ चाळीस.
इथे ऊब संपते.

डॉक्टर क्वार्टरमधून स्लीपरवरच आले.
प्राझोसिन. उठू द्यायचं नाही, लघवीलासुद्धा.
दर अर्ध्या तासाला प्रेशर.
ॲम्ब्युलन्स बाळंतीण घेऊन कणकवलीला गेलेली,
कोल्हापूर घाटाच्या वर.
मुकादम बाहेर बाकावर, कुणाला तरी फोनवर सांगत होता
की खाण उद्या चालू राहील.

साडेअकराला खोकला लागला.
पाठीला स्टेथोस्कोप लावला, खाली, अगदी तळाशी,
मंद चुलीवर पेज रटरटावी तसं ऐकू आलं.
पलंगाचं डोकं उंच. मास्क. शिरेतून औषध.
पावणेएकला दुसरी गोळी.

सुलोचनामावशी म्हणाल्या,
"झोपांदे गो त्येका, दमलो तो."
मावशी, झोप वेगळी आणि गुंगी वेगळी.
हाक मारूनच कळतं.
यमनाप्पा! ओ यमनाप्पा!
एक डोळा उघडला.
मावशी मग स्वतःच हाका मारत बसल्या,
दर पाच मिनिटांनी,
आपल्या मुलाला शाळेसाठी उठवावं तशा.

तीन वाजता पावलांवर हात ठेवला.
त्याने पाय ओढले नाहीत.

तेवीस वर्षं आकडे लिहितेय.
कुठल्याही आकड्याने मला असं घाबरवलं नव्हतं.
ठेवले तसे पडून होते,
कुणीही हात लावावा इतके गरीब.

पावणेचारला तिसरी गोळी, मग नुसतं थांबणं.
थांबण्यातही काम असतं, ते दिसत नाही.
बाटलीतली लघवी टॉर्चने बघायची,
मास्कवर धुकं येतं का बघायचं,
आपला हात आधी गालावर तापवून
मग त्याच्या नडगीला लावायचा की नाही, यावर अडायचं.
नाही लावायचा तापवून. खोटं कळेल.

साडेचारला उबेने गुडघ्याची रेघ ओलांडली.
दुसरी रेघ नडगीवर.
तिसरी घोट्यावर, पावणेसहा.
चार्टवर ताप, नाडी, श्वास, प्रेशर यांना रकाने आहेत,
याला नाही,
म्हणून पायावरच लिहीत गेले.

सातला फिलोमिना आली, केस ओलेच.
ओव्हर दिला.
प्रेशर शंभर-साठ, श्वास बावीस,
लघवी साडेतीनशे, खोकला कमी,
बोटं अजून गार.
"आणखी काही?"
चादरीखाली हात घालून बघ.

तिने घातला.
यमनाप्पाने दोन्ही पाय
खसकन पोटाशी ओढून घेतले.